डावा कोपरा

“शिवा सातवा,” एवढं बोलून विनोद शिवलकरने चहाचा कप तोंडाला लावला. विषय संपला, असा त्याचा आविर्भाव होता.

“सातवा?” दर्शनने मोबाईलमधून मान वर केली. “काका, अख्खी रत्नागिरी शिवा मयेकरांना पहिला मानते.”

“अख्ख्या रत्नागिरीलाच विचारायचं होतं तर समिती कशाला नेमलीत? भोंगा लावून रिक्षा फिरवायची होती.”

घाणेकर सर हसले नाहीत. शाळेच्या मैदानावर आयुष्यभर शिट्टी फुंकलेला माणूस सहसा हसत नाही, शिट्टी पडते. “कारण सांग,” ते म्हणाले. “सातवा का?”

“बोनस घेताना त्याचा मागचा पाय टेकायचा.”

“पंचांना कधी दिसला नाही तो.”

“मला दिसायचा.”

“अरे, तू उभा आपल्या अंगणाच्या डाव्या कोपऱ्यात. बोनसची रेषा पलीकडच्या अंगणात. मध्ये पंच, मध्ये सात गडी. तुला कसा दिसायचा?”

“बघणाऱ्याला दिसतं, सर.”

ते मात्र खरं होतं. हेव्याला चष्मा लागत नाही.

कप धरताना विनोदच्या उजव्या हाताची करंगळी कपापासून फटकून बाहेर उभी राहायची. नवख्याला वाटे, गृहस्थ साहेबी वळणाचा दिसतो. वळण साहेबी नव्हतं, हाडाचं होतं. एका सामन्यात ती करंगळी मोडली, आणि हाडवैद्याकडे जायच्या आधी पुढचे दोन सामने खेळून झाले. तोवर ती स्वतःच्या मर्जीने, वाकडी, जुळून बसली होती.

सरांच्या नाचणे गावातल्या घराच्या पडवीत ही समितीची दुसरी बैठक चालली होती. दर्यावर्दी क्रीडा मंडळाला साठ वर्षं होत होती. त्यानिमित्त मैदानावर एक मोठा फ्लेक्स लागायचा होता : ‘रत्नागिरीचे सार्वकालिक दहा व्यावसायिक कबड्डीपटू’. व्यावसायिक हा शब्द सरांनी मुद्दाम घातला होता. खेळाच्या जोरावर ज्याच्या घरात पगार आला तो व्यावसायिक. या एका शब्दाने शहरातले निम्मे काका बाद झाले, कारण आपण काय खेळायचो हे रत्नागिरीत प्रत्येक काका सांगतो आणि ते ऐकून घ्यायला पगार कोणी देत नाही. दहा जण ठरवायला तिघांची समिती होती. अध्यक्ष सर. नव्या पिढीचा म्हणून दर्शन, जो मोबाईलवर सामन्यांचं समालोचन करून बऱ्यापैकी प्रसिद्ध झाला होता. आणि जाणकार म्हणून विनोद.

विनोदने होकार दिला तेव्हा त्याच्या मनात दोन हिशेब होते. पहिला असा, की वाढप्याच्या घरचं माणूस उपाशी राहत नाही. समितीतल्या माणसाचं नाव यादीत चौथं-पाचवं तरी लागणारच. दुसरा हिशेब शिवाचा.

पहिला हिशेब पहिल्याच बैठकीत बुडाला. सरांनी नियम वाचले. मंडळाच्या भजन स्पर्धेपासून चालत आलेला रिवाज होता, परीक्षकाने बक्षीस घ्यायचं नाही. तेव्हा समितीतल्या कोणाचं नाव यादीत येणार नाही. विनोदच्या तोंडातला चहा तोंडातच थांबला. राजीनामा देऊन तो यादीच्या रांगेत उभा राहू शकला असता. पण समितीतून उठलं तर शिवाला पहिल्या नंबरावरून ओढून धरायला मागे कोण राहणार? रात्रभर त्याने विचार केला आणि दुसरा हिशेब निवडला. स्वतःचा दिवा लागत नसेल तर दुसऱ्याची वात तरी खाली करावी, एवढं समाधान माणसाला पुरतं. निदान काही दिवस पुरतं.

त्यामुळे यादी करताना त्याची पद्धत सोपी होती. वारलेल्या खेळाडूंना तो सढळ हाताने वर चढवायचा, कारण वारलेल्या माणसाचा हेवा करून काही पदरात पडत नाही. मुंबईला जाऊन तिथलेच झालेले मधे. आणि जो रत्नागिरीतच राहतो, सकाळी स्वच्छ बनियन घालून स्वतःच्या बंगल्याच्या फाटकात उभा राहून पेपर वाचतो, तो सातवा.

“मग पहिला कोण?” सरांनी विचारलं.

“अजिंक्य.”

दर्शन खुर्चीतून उठलाच. अजिंक्य नागवेकर चोविशीतला पोरगा, टीव्हीवरच्या लीगमध्ये खेळणारा. आठवड्यामागे याच विनोदने कामावर, बर्फाच्या कारखान्यात, सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की लिलाव माशांचा होतो, माणसांचा कसला? बूट घालून गादीवर उड्या मारणाऱ्यांना त्याने कबड्डीपटू म्हणायलाच नकार दिला होता.

“काका, तुम्ही तर म्हणालेलात...”

“माणसाने काळाबरोबर बदलायला नको?” विनोद म्हणाला. करंगळी ताठ उभी होती.

*

घरी कमळा वाट बघत होती. सकाळचा बाजार उरकून, माशांची पाटी धुऊन, ती ओट्यावर बसली होती. बाजारातल्या बायकांना तिने केव्हाच सांगून टाकलं होतं, की यंदा आमच्या यांचा फोटो लागणार मैदानावर.

“किती नंबर दिलान् तुमाला?”

“अजून चाललंय.”

“काय चाललंय? तुमीच बसलायत ना नंबर द्यायला? का दुसऱ्यांचीच ताटं वाढताय? जल्लं मेलं लक्षण! आन् फोटो कुठचा देणार?”

तिने भिंतीकडे बोट केलं. फोटो घरात एकच होता. मंडळाच्या मैदानावर झालेल्या त्या गाजलेल्या अंतिम सामन्यातला. फोटोग्राफर मैदानाच्या कडेला, कोपऱ्याजवळ बसलेला असणार. जवळ विनोद, अंग चोरून, मांजरासारखा दबा धरून. त्याच्या पलीकडे त्याचा हात धरून शिवा. पण शिवा कोणाला दिसायचा नाही, कारण फोटोच्या डाव्या अर्ध्या भागावर कॅलेंडर लटकत असे. मच्छीमार सोसायटीचं कॅलेंडर दर वर्षी नवं यायचं, आणि दर वर्षी विनोद ते स्वतः, नेमकं त्याच खिळ्याला लावायचा. कॅलेंडरखालून फक्त एक हात बाहेर आलेला दिसे. कमळाच्या धाकट्या बहिणीला तर बरीच वर्षं वाटत होतं, की तो हात कमळाच्या दिराचा.

“तो द्या फोटो. ब्येस हाय,” कमळा म्हणाली.

“बघू,” विनोद म्हणाला. यादीत आपलं नाव येणारच नाही, हे तिला कसं सांगावं ते त्याला कळत नव्हतं. मैदानात त्याने बैलासारखे गडी घोट्याला धरून पाडले होते. कमळासमोर मात्र त्याच्यावर कायम लोण चढलेला, अख्खा संघ बाद झालेला असायचा.

त्या सामन्याचं असं होतं, की विनोद आणि शिवा दोघेही मुंबईच्या एका रंगाच्या कंपनीत खेळाडू म्हणून लागले होते. एकाच दिवशी, एकाच खोलीत, एकाच स्टोव्हवर. त्या अंतिम सामन्यात समोरच्या संघाचा चढाईवाला शेवटच्या चढाईला आला, तेव्हा कंपनी एका गुणाने पुढे होती. तो माघारी जायला वळला तेवढ्यात विनोदने शिवाशी धरलेली हातांची साखळी सोडली आणि त्याच्या घोट्यावर झडप घातली. दोन्ही हातांनी. मग शिवा वरून पडला. मग सगळेच पडले. धूळ खाली बसली तेव्हा सगळ्यात वर शिवा होता आणि सगळ्यात खाली विनोद, तोंडात माती घेऊन. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, ‘शिवा मयेकरची अविस्मरणीय पकड’. पुढच्या वर्षी एका बँकेने शिवाला उचललं. विनोद रंगाच्या कंपनीत राहिला. आधी संघ बंद झाला, मग कंपनी. तो गावी आला आणि बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लागला. होड्यांना बर्फाच्या लाद्या सोडायचं काम. खेळलेला हात, त्यामुळे लादी कधी निसटायची नाही, एवढाच त्या सगळ्या खेळाचा उरलेला व्याज-बट्टा.

*

दर्शन कारखान्यात आला तो व्हिडिओ घ्यायला. मागे क्रशर धडधडत होता, ट्रॉलरवाले ओरडत होते, आणि विनोदला कॅमेऱ्यासमोर सार्वकालिक म्हणजे काय ते सांगायचं होतं. सांगून झाल्यावर दर्शन सहज बोलून गेला, “बरं झालं तुम्ही आलात समितीत. सर आधी मयेकर काकांकडे गेले होते.”

“कोणाकडे?”

“मयेकर काकांकडे. ते म्हणाले, मला नको, विनोदला घ्या.”

विनोदच्या हातातली लादी निसटली. खाली पडून तिचे चार तुकडे झाले. कारखान्यातली माणसं वळून बघायला लागली, कारण हे कोणी आधी बघितलं नव्हतं.

नियम शिवाला ठाऊक असणार. मंडळाचा तो जुना सभासद, भजन स्पर्धेला दर वर्षी पहिल्या रांगेत. म्हणजे स्वतः यादीत राहिला आणि मला नियमाच्या बाहेर बसवला. आणि मी मूर्ख, शाल मिळाल्यासारखा जाऊन बसलो! विनोदने अंगावरचा ओला शर्टही बदलला नाही. रिक्षा केली आणि थेट शिवाच्या दारात.

बंगल्याचं नाव ‘चढाई’. फाटकावर पितळी अक्षरांत. विनोद तिथून जायचा तेव्हा नेहमी समोरच्या बाजूने जायचा.

दार शिवाच्या बायकोने, गुणवंतीने उघडलं. “या भावजी, या! केवढ्या दिवसांनी! हे आत बसलेत, गुडघा बदललाय ना, उठता येत नाही पटकन.”

शिवा आरामखुर्चीत होता. पाय स्टुलावर. त्याने विनोदकडे, त्याच्या ओल्या शर्टाकडे बघितलं आणि म्हणाला, “कळलं वाटतं.”

“तूच मला समितीत बसवलास?”

“मीच.”

“नियम ठाऊक असून?”

“ठाऊक होता म्हणून तर बसवला. गुणा, चहा टाक गं, हा भांडायला आलाय.”

विनोद उभाच राहिला. वाटेत रिक्षात त्याने जे जे बोलायचं ठरवलं होतं, त्यात समोरचा सरळ कबूल करून टाकील, याला कुठे जागाच ठेवली नव्हती.

“का पण? तुझं काय जात होतं? मी कुठंतरी नववा, दहावा...”

“दहावा?” शिवा खुर्चीत सरसावला. “घाणेकर सर आजही म्हणतात, ती पकड विनोदची. माझ्या तोंडावर म्हणतात! तू यादीत असतास, अध्यक्ष सर, तर तू कितवा आला असतास, बोल. माझ्या वर. मी हे गाव फिरलोय, विनोद. मला कोण काय म्हणतो ते कळतं.”

“अख्खं गाव तुला पहिला म्हणतं!”

“गावाला काय कळतं?” शिवाने पायावरची शाल उगाच सारखी केली. आवाज जरा खाली आला. “बँकेत गेल्यावर मी किती खेळलो, तुला माहीत आहे. चढाया चालल्या माझ्या. पण पकड? तुला सोडून गेल्यावर माझी एक पकड लागली असेल तर शपथ. शेजारी कोणीतरी नवा असायचा, हात धरायचा आणि चढाईवाला आला की सोडायचा घाई करून. तू कधी सोडायचास ते मला तुझ्या हातावरून आधी कळायचं. लोकांना काय, गुण मिळत होते तोवर कोणी विचारलं नाही. पण मला रात्री झोपताना माहीत असायचं ना. मेल्या, तुझा इतका राग यायचा मला.”

विनोद बसला. खुर्ची कुठली, हेही न बघता बसला. ज्याचा हेवा करण्यात आपली उमर गेली, त्याने तेवढीच उमर आपल्यात घालवली, हे कळल्यावर माणसाला आनंद व्हावा की फसल्यासारखं वाटावं? विनोदला दोन्ही झालं. आनंद जरा जास्त झाला, पण त्याने तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

“कितवा केलायस मला?” शिवाने विचारलं.

“सातवा.”

“सातवा!” शिवाचा बदललेला गुडघा स्टुलावरून घसरला. “अरे, लाज आहे का? मी तुला निदान चौथा केला असता!”

“म्हणून तर तू बसला नाहीस समितीत.”

गुणवंती चहा घेऊन आली. तिने दोघांची तोंडं बघितली, कप ठेवले आणि काही न विचारता आत गेली. ती बँकवाल्याची बायको होती. कुठे सही करायची नाही हे तिला कळत होतं.

चहा पिता पिता विनोदची नजर शोकेसकडे गेली. ढाली, करंडक, आणि मधोमध तोच फोटो. तोच अंतिम सामना. फक्त या चौकटीत विनोद नव्हता. उजवीकडून कात्रीने सरळ कापला होता. तरी चौकटीच्या उजव्या कडेला, शिवाच्या पंजात अडकलेला, एक हात उरला होता. मनगटापर्यंत. कॅमेऱ्याच्या जवळ असल्यामुळे शिवाच्या हातापेक्षा मोठा दिसणारा. करंगळी वाकडी.

“मला कापलास?” विनोद म्हणाला.

“कापला.”

“हात ठेवलास तो?”

“कापून बघ ना! तुझा काढायला गेलो की माझी बोटं जातात.”

विनोद उठून शोकेसजवळ गेला. बराच वेळ बघत राहिला. घरी कॅलेंडरखालून बाहेर आलेला हात त्याला आठवला, पण ते त्याने शिवाला सांगितलं नाही. सगळं सांगितलंच पाहिजे असं नाही.

“फ्लेक्ससाठी कुठला फोटो दिलास?” त्याने विचारलं.

“दिला नाही अजून. बँकेत सत्कार झाला तेव्हाचा देणार. सुटातला.”

“सूट घालून कबड्डी खेळायचास? समितीला खेळतानाचा फोटो हवाय. हा हवाय.”

शिवाने डोळे बारीक केले. “त्यात तुझा हात आहे.”

“परीक्षकाचं नाव येता कामा नये, असा नियम आहे. हाताला कुठं नाव असतं?”

शिवा हसला. हसताना त्याला गुडघा धरावा लागला. मग एकदम गंभीर होऊन, कर्जाचा अर्ज पुढ्यात आल्यासारखा, तो म्हणाला, “सातव्याचा फोटो केवढा असतो?”

“खेळायच्या पत्त्याएवढा.”

“आणि पहिल्याचा?”

“पुरुषभर. मधोमध.”

“मग बघ बाबा. पत्त्यात तुझी करंगळी मुंगीएवढी दिसेल. सातव्यावर असलो तर मी सुटातलाच देणार.”

बाहेर मारुती मंदिराकडे जाणारी एस.टी. वळण घेताना भोंगा वाजवून गेली. विनोद मनात तोलत होता. शिवा पहिला, हे वाक्य त्याच्या तोंडातून निघायचं होतं, आणि त्याला ते तोंडात असलेल्या त्या जुन्या मातीसारखं लागत होतं.

*

शेवटच्या बैठकीत विनोद म्हणाला, “शिवा पहिला.”

दर्शनने कपाळाला हात लावला. “काका, परवा सातवा होता! मी अजिंक्यचं ग्राफिक करायला घेतलं!”

“दुसरा कर त्याला. पोरगं आहे अजून, वय आहे. फेरविचार नावाची चीज असते की नाही समितीत?”

सर चष्म्यावरून विनोदकडे बघत होते. “माझी हरकत नाही,” ते सावकाश म्हणाले. “पण फोटोखाली दोन ओळी लिहाव्या लागतील, पहिला का ते. आणि शिवा पहिला असेल तर त्या एका पकडीमुळे. दुसरं कारण मला दिसत नाही. चढाईवाले त्याच्यापेक्षा सरस दोघे आहेत यादीत. तेव्हा मला एवढंच सांग, ती पकड कोणाची?”

सरांना उत्तर ठाऊक होतं. ते त्या दिवशी मैदानाच्या कडेला बसले होते. हा प्रश्न विनोदला गेली कितीतरी वर्षं कोणीतरी विचारावा असं वाटत होतं. कंपनीत वाटलं, लग्नात वाटलं, बर्फ सोडताना वाटलं. आणि विचारला गेला तो आता, शिट्टी धरलेल्या माणसाकडून, लिहून घेण्यासाठी.

“शिवाची,” विनोद म्हणाला.

“नक्की?”

“पेपरात आहे ना, सर. लिहा.”

सरांनी लिहिलं. लिहिताना त्यांचं पेन एकदा अडलं, मग पुढे गेलं. विनोदने कप उचलला. कप रिकामा होता, तरी त्याने तो तोंडाला लावला.

फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर मनस्वी नावाची मुलगी होती. फोटो मोठा करून ती म्हणाली, “इथे कोणाचा तरी हात आलाय मध्येच. काढून टाकू?”

“काढलास तर त्याच्या बोटांचं काय करशील?” विनोद तिच्या मागेच उभा होता. तो त्या दिवशी रजा घेऊन आला होता.

“बोटं दुसरी लावते की.”

“कोणाची? आणि चुकून सहा लागली तर? मंडळाला सहा बोटांचा शिवा मयेकर चालणार आहे का, विचार दर्शनला.”

दर्शनने नको म्हटलं. हात राहिला.

*

कार्यक्रमाच्या संध्याकाळी कमळा बाजारातल्या बायकांना घेऊन मैदानावर आली. सगळ्या ठेवणीतल्या साड्यांत, केसांत अबोली. फ्लेक्स केवढा तरी मोठा, दिव्यांनी उजळलेला. मधोमध पुरुषभर शिवा, खाली दोन ओळी, त्यांत ती पकड. भोवती बाकीचे नऊ. कमळाने नऊही तोंडं बोटाने मोजल्यासारखी बघितली आणि मग नवऱ्याला शोधून काढलं.

“कुठं हाय तुमचा फोटो?”

विनोदने बोट दाखवलं.

“तो तर शिवाभावजी.”

“त्याच्या बाजूला बघ. कडेला.”

कमळा पुढे झाली. मान वाकडी करून बघितलं. ती करंगळी तिने रोज ताटाशी बघितली होती, तिला ओळखायला वेळ लागला नाही. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग काय झाला ते विनोदला कळलं नाही.

“एवढाच?” ती म्हणाली. “बाकीचा माणूस कुठं ठेवलात?”

“समितीत.”

ती वळून बायकांपाशी परत गेली. तिथून तिचा आवाज विनोदला स्पष्ट ऐकू आला. “पयला नंबर हाय आमच्यांचा. व्हय तर! हाताचा. जा, जाऊन बघा, करंगळी बघा.”

व्यासपीठावर शिवाचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, गुडघ्यामुळे बसूनच. भाषणात तो त्या पकडीबद्दल बोलला नाही, साखळीबद्दल बोलला; पण ध्वनिक्षेपक तेवढ्यात करकरला आणि पुढच्या दोन रांगांच्या मागे ते कोणाला ऐकू गेलं नाही. खाली उतरल्यावर काठी टेकत तो फ्लेक्ससमोर आला. वरपासून खालपर्यंत बघितलं. शेजारी विनोद उभा होता.

“हात माझ्यापेक्षा मोठा आलाय,” शिवा कुरकुरला.

“कोपरा पुढे असतो,” विनोद म्हणाला.

शिवाने ‘हं’ केलं. त्याला ते आवडलेलं नव्हतं, हे बघून विनोदला फार बरं वाटलं.

मग सामने सुरू व्हायच्या आधी लोकांची झुंबड उडाली. प्रत्येकाला पहिल्या नंबराशेजारी उभं राहून फोटो काढायचा होता. पोरं, त्यांचे बाप, मुंबईहून आलेले चाकरमानी, अजिंक्यच्या नावाचे टी-शर्ट घातलेली टोळी. सगळे येऊन उभे राहायचे ते नेमके उजव्या कडेला, हातासमोर, कारण डावीकडे खांब होता.

“जरा सरका,” विनोद म्हणाला.

“काय काका?”

“जरा इकडे, खांबाकडे. हां. थोडं अजून. आता काढा.”

ते गेले की दुसरे यायचे. तो पुन्हा पुढे व्हायचा, कोणाचा खांदा धरून, कोणाला हाताने खुणावून, “इकडे हो, तिकडे नको, झाकतंय.” काय झाकतंय, हे कोणी विचारलं नाही. पलीकडच्या मैदानावर शिट्टी झाली, पहिला सामना सुरू झाला, गर्दी तिकडे वळली, तरी एकटंदुकटं कोणी फ्लेक्सकडे येताना दिसलं की विनोद आपली जागा सोडून पुढे जायचा.

मुंबईहून आलेल्या एका बाईने फोटो काढून झाल्यावर मोबाईल पर्समध्ये ठेवला, आणि नवऱ्याला म्हणाली, “किती जीव आहे बघा त्या म्हाताऱ्याचा मयेकरांवर.”